शत्रू पातूरला राहतो

शेंदूरजनाघाट,
२ फेब्रुवारी १९३५

वच्छलाबाई,

गोवर्धनचा नमस्कार. घरी सगळं ठीक आहे, आईचा गुडघा बरा आहे, मावशीनं पाठवलेलं लोणचं पोचलं. आता पाट घेऊन बस, कारण पुढची ओळ तुझ्यानं उभ्यानं वाचवणार नाही. मी अमरावतीचं कॉलेज सोडलं.

इतिहासाचे प्रोफेसर शिकवत होते की जुने राजे युद्धात हेर वापरत, हा त्यांच्या पराक्रमाला लागलेला डाग. मी उभा राहिलो. म्हटलं, एक माणूस वैराग्याच्या वेशात शत्रूच्या छावणीत जातो, हत्ती कुठल्या पाणवठ्यावर उतरतात ते पाहून येतो, आणि त्या एका खबरीमुळे लढाई न होताच मिटते. हजार बायांचं कुंकू राहतं. यात डाग कुठला? ते म्हणाले, खाली बसा. मला कोणी खाली बस म्हटलं की काय होतं ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. दार आपटून निघालो तो थेट वरूडच्या मोटारीत बसलो.

हे झालं लोकांना सांगायचं. तुला खरं सांगतो, कारण तू सख्ख्या मावशीची पोर आणि अकोल्यात राहतेस, आणि मला आता अकोल्यातच माणूस हवं आहे.

अंबादेवीच्या देवळाबाहेर एक बाई फुलं विकते. तिची भाची सत्यवती तिच्याकडे राहून शिकत होती. संध्याकाळी शाळेतून आली की हार गुंफायला बसायची. वर्षभर मी रोज एक हार घेतला. देवाला किती वाहिले ते देवालाच ठाऊक. बोललो मात्र नाही. ती हार पानात गुंडाळायची तेव्हा मी तिच्या बोटांकडे बघायचो आणि माझ्या तोंडातली सगळी भाषा संपून जायची. दिवाळीनंतर तिच्या वडिलांनी तिला अकोल्याला परत नेलं. दुसऱ्या दिवशी तिथं नुसती तिची मावशी बसलेली. त्या दिवसापासून मला कॉलेजात मास्तरांचे ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही यायचं नाही.

तिचे वडील खुशालराव, मोर्णेकाठचा फुलमळा त्यांचा. तुझ्या घरापासून जवळच. जातीचं, तोलामोलाचं, सगळं जमतं. पण तिथं काय चाललं आहे हे कळल्याशिवाय चाल करणं मूर्खपणाचं. जुन्या राजनीतीत हेरांचे प्रकार सांगितले आहेत. कोणी वैरागी, कोणी वाणी, कोणी भिक्षा मागणारी बाई, कोणी साधी घरगृहस्थीची. एकानं दुसऱ्याला ओळखायचं नाही, आणि तिघांची खबर जुळली तरच राजानं ती खरी मानायची. माझ्याकडे तिघं नाहीत, तू एकटी आहेस. तुला मी घरगृहस्थीच्या वेशातली हेर नेमतो. वेणी घ्यायला जा आणि पाहून ये. तिला कुठलं स्थळ सांगून आलं आहे का?

आपला संत्र्याचा बगिचा फुलावर आला आहे. दुपारी झाडाखाली बसलो की वास इतका दाट असतो की मधमाशासुद्धा दमून उडतात. डोळे अर्धे मिटले की झाडांच्या ओळी हलायला लागतात, पांढरी निशाणं घेतलेली फौज मंद चालीनं नैर्ऋत्येकडे, अकोल्याकडे निघालेली दिसते. ती थांबवून धरली आहे. तुझ्या खबरीवर.

तुझा,
गोवर्धन


अकोला,
९ फेब्रुवारी

चि. गोवर्धनले वच्छलाबाईचा आशीर्वाद.

तुहं पत्र वाचून मी हसली तं तुहे भाऊजी इचारतात, काहून हसतं? मी म्हटलं, मावशीच्या घरची गाय व्याली. आता तुह्यासाठी मले गाय अन वासरू दोनी सांभाळा लागते. कालिज सोडलं ते काई चांगलं केलं नाही. पण तुले सांगणं म्हंजे मोटेच्या बैलाले गाणं ऐकवणं.

वेणीच्या निमतानं तीनदा जाऊन आली. पोरगी चांगली हाय. कमी बोलते, पण बोलली की समोरचा गप बसते. तिची माय पार्बताबाई मले वळखते. तिच्याजवळून काढलं ते असं. पातूरचं एक स्थळ हाय. पोराचं नाव सूर्यभान, तिथंच शाळेत मास्तर. त्याइच्या घरची मंडळी येऊन पाहून गेली, पसंत हाय म्हणून निरोप धाडला. इकडून अजून हो म्हटलं नाही.

आता दुसरी गोष्ट. बोलता बोलता पार्बताबाई म्हणे, कोणीतरी वरूडकडं बगिचा पाह्याले जाऊन राह्यलं, कोणाजवळ बोलू नको बाई. मी इचारलं, कोन? तं ती हंडा घेऊन आत गेली. मी घरी येऊन इचार केला. वरूडकडं बगिचा कोनाचा? आपला. पाह्याले कोन येईन? पातूरवालेच. वर्षभर रोज हार घेणारा पोरगा अमरावतीत लपते काय? त्याइले कुणकुण लागली असन. सांभाळून राय.

आईचा गुडघा तिळाच्या तेलानं चोळाले सांग.

वच्छलाबाई


शेंदूरजनाघाट,
१७ फेब्रुवारी

वच्छलाबाई,

तू नसतीस तर मी गाफील मारला गेलो असतो. पातूरचा हेर आला. आणि मी त्याला उलटा फिरवला.

शुक्रवारी दुपारी आई वरूडच्या बाजाराला गेली होती. फाटकात एक उतारवयाचा माणूस उभा. डोक्याला पांढरा रुमाल, काखेत छत्री. म्हणाला, मी नत्थुजी, फुलावरचा बहार घेतो, बगिचा दाखवा. फळ धरायच्या आधीच पीक विकत घेणारे असे दलाल या दिवसांत येतात, त्यात नवल नाही. सगळा बगिचा हिंडला. दलाल फुलांकडे बघतात, हा झाडाच्या बुडाशी वाकत होता, माती चुरगळत होता. गोठ्यात डोकावला. विहिरीत डोकावला. चुलीकडेही एक नजर टाकली. मला तिथंच शंका आली.

मग सौद्याला बसलो. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत हे तुला माहीत आहे. हातावर रुमाल टाकायचा आणि खालून एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा. त्याचा हात धरला आणि कळलं. बाई, दलालाचा हात मऊ असतो. हा हात सबंध ओरखड्यांचा होता, नखं मातीनं भरलेली. शेतात राबणारा माणूस. पातूरवाल्यांनी आपला गडी पाठवला, वेश दिला, हात बदलायला विसरले. रुमालाखाली त्याची बोटं माझ्या बोटांत होती आणि मला शत्रूच्या छावणीची नाडी लागल्यासारखं वाटत होतं.

पकडलेल्या हेराला मारायचं नसतं. त्याला जे दाखवायचं तेच दाखवून परत पाठवायचं. आपण बळकट असलो तर दुबळे दिसायचं, म्हणजे शत्रू घाई करत नाही, तंबू टाकून झोपतो. मी तेच केलं. म्हटलं, काका, कशाला पैसे घालता? झाडांना डिंक्या रोग लागला आहे, दोन वर्षांत बगिचा जाईल. विहीर उन्हाळ्यात आटते, पाणी दुरून आणावं लागतं. आई फार रागीट, तिच्या हाताखाली कोणी टिकत नाही. मी कॉलेजातून हाकललेला, कधीमधी घेतोसुद्धा. ज्याचं कोणाचं चांगलं व्हायचं त्यानं या घरापासून लांब राहावं.

तो ऐकत राहिला. मधे एकदा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर माझी जीभ अडखळली. मग रुमाल झटकून खांद्यावर टाकला, हात जोडले. म्हणाला, "बरं हाय बापा. तुमचं म्हणणं समजलं." मी चहाला थांबवलं, तर म्हणाला, आता कायले?

तो गेल्यावर मी बराच वेळ पडून राहिलो. वारा नव्हता तरी फुलं गळत होती, अंगावर, डोळ्यांवर. मला दिसलं की पातूरच्या लेण्यांत ती मंडळी बसली आहेत, दगडी खांबांच्या सावलीत, आणि हा माणूस त्यांना सांगतो आहे की शेंदूरजन्याला लढण्यासारखं काही नाही. ती हसतात, शस्त्रं भिंतीला टेकवतात. तेवढ्यात शिवरात्र उरकून मी आईला घेऊन अकोल्याला मागणी घालायला येतो.

आता मला सांग, सत्यवती कशी आहे? काय नेसली होती?

गोवर्धन


अकोला,
२५ फेब्रुवारी

गोवर्धन,

लिहाले हात उचलत नाही. तो नत्थुजी नव्हता. ते खुशालराव होते.

मी चुकली. पातूरचं मीच तुह्या डोक्यात घातलं. पण तू जे केलं ते माह्या डोक्यात बी आलं नसतं.

ऐक. सत्यवतीनं फुलवाल्या मावशीजवळून तुहं नाव-गाव इचारून घेतलं, अन आपल्या मायजवळ तुहं नाव काढलं होतं. पोरीच्या जातीनं. म्हणे, पातूरले हो म्हणाच्या आधी शेंदूरजन्याचं एक घर पाहून या. किती हिंमत लागली असन तिले. मागणी पोराकडून आल्याबिगर पोरीच्या बापाले उघड जाता येत नाही, म्हणून ते दलाल होऊन आले. हात गुलाबाच्या काट्याइनं फाटले आहेत त्याइचे. फुलमळ्यावाल्याचा हात हाय तो.

घरी आले, पाय धुतले अन पार्बताबाईले म्हणाले, "भली माणसं हायेत. वळखलं मले, पण तोंडावर नाही म्हटलं नाही." तुले समजलं का याचा अर्थ? आपल्यात नकार असाच देतात, बापा. समोरच्याची पोर वाईट हाय असं कोनी म्हणत नाही, आपलंच घर वाईट हाय म्हणतात. आमची विहीर आटते, आमची माय खाष्ट, तुमच्या लेकराले तरास होईन. ऐकणारा समजते अन हात जोडून उठते. आपल्या शांतीले मागणी आली तवा मामानं काय सांगितलं? पोरीले उन्हात चक्कर येते. शांती अजून दिवसभर उन्हात निंदण करते. तू लहानपणापासून बोर्डिंगात, तुले हे कोन सांगणार. हत्ती कुठं पाणी पितात ते ठाऊक, घरची माणसं कशी बोलतात ते नाही.

आता सत्यवतीचं. मी गेली तं पह्यले दोन शब्द बोलत होती. आता पुडी बांधून देते अन वाफ्यात जाते. तिच्या मायनं सांगितलं, "मीच बाबाले पाठवलं अन त्याइले मान खाली घालाले लावली" एवढंच बोलली. पातूरवाले होळीच्या आधी सुपारी फोडाले येतो म्हणतात. ती म्हणे, येऊ द्या.

लुगडं कोनतं नेसली होती ते मी पाह्यलं नाही.

वच्छलाबाई


शेंदूरजनाघाट,
२७ फेब्रुवारी

वच्छलाबाई,

तुझं पत्र दोन तुकडे करून फाडलं, मग जोडून पुन्हा वाचलं. आईनं विचारलं काय झालं, मी तिच्यावरही ओरडलो.

अजून वेळ गेलेली नाही. मी तीन चाली ठरवल्या आहेत. पहिली, पातूरला एक वैरागी पाठवतो, वरूडला ओळखीचा आहे. तो गावात बसून सांगेल की या मुलीचा योग जुळत नाही. दुसरी, सूर्यभानच्या घरी एक निनावी चिठ्ठी. तिसरी तुझी. तू सत्यवतीच्या कानावर घाल की शेंदूरजन्याचा मुलगा आजारी पडला आहे, बोलत नाही, जेवत नाही. तिला दया येईल. दयेनं किल्ल्यांचे दरवाजे उघडल्याची उदाहरणं आहेत.

आणि एक. पातूर, पातूर तूच लिहिलंस. माझ्यावर हसू नकोस.

उत्तर लगेच पाठव. मी झोपत नाही. फुलांचा वास आता मला सहन होत नाही.

गोवर्धन


अकोला,
२ मार्च

गोवर्धन,

तूच लिहिलं होतं ना, तिघाइची खबर जुळली तरच खरी मानाची? अन तू एका बाईच्या अर्ध्या ऐकलेल्या गोष्टीवर आपलं घर पेटवून घेतलं. राजा कच्चा निघाला, हेर बी कच्ची. दोघाइनं आता घरी बसावं.

वैरागी पाठवू नको. चिठ्ठी टाकू नको. आजारी पडाचं असन तं खरंच पड. आजपासून मी तुही कोनी हेर नाही. मी तिच्या घरी जाऊन एक शब्द बोलणार नाही, कारण मधी जो कोनी जाईन तो तुहं बोलणं आणखी वाकडं करून ठेवीन.

तुले पाय आहेत. रेल्वे आहे. त्याइच्या मळ्याले समोरून वाट आहे, अन ती दिवसभर उघडी असते.

वच्छलाबाई


शेंदूरजनाघाट,
१० मार्च

वच्छलाबाई,

अकोल्याला उतरलो तो आधी तुझ्याकडे आलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बाई नणंदेकडे बाळापूरला गेल्या, शेंदूरजन्याचा कोणी आला तर बसवून घेऊ नका असं सांगून गेल्या. मी तुझ्या ओट्यावर बसलो, तुला मनातल्या मनात बरंच बोललो. मग समजलं की पुढं पाठवायला कोणीच उरलं नाही, आणि उठलो.

खुशालराव मोट हाकत होते. मी वाटेवरूनच हाक दिली. "मी शेंदूरजन्याचा गोवर्धन. तुमच्याशी खोटं बोललो होतो. खरं सांगायला आलो." घाम इतका आला होता की डोळ्यांपुढं मळा हलत होता. झेंडू, गुलाब, पाटाचं पाणी, सगळं एकमेकांत मिसळून वाहत होतं.

त्यांनी बैल थांबवले नाहीत. "विहीर आटत नाही?" असं बैलांकडे बघतच विचारलं.

"नाही. वैशाखातही मोट चालते."

"डिंक्या?"

"एका झाडाला नाही."

"हां. मले बी दिसला नव्हता. दारू?"

"कधी शिवलो नाही."

"अन माय?"

"आई रागीट आहे. ते तेवढं खरं होतं."

त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. बाई, आपलं घर चांगलं आहे हे आपल्याच तोंडानं सांगायला किती लाज वाटते, तू कधी करून पाहिलंस का? खोटं बोलताना माझी जीभ नुसती धावली होती. खऱ्याचा एकेक शब्द ओढून काढावा लागला.

"मंग तवा तसं काहून बोलला?"

"तुम्हाला पातूरचा हेर समजलो."

आता त्यांनी बैल थांबवले. "पातूरवाल्याले काय पडलं हाय तुहं," म्हणाले. "मी एक डाव जाऊन आलो. आता मी मधी नाही. पोरगी तिकडं मोगऱ्यात हाय, तिलेच इचार."

मोगरा नुकताच धरायला लागला होता. ऊन कलतं होतं आणि ती कळ्या खुडत वाफ्यातून मागं मागं येत होती, पाठमोरी. तिला अमरावतीत मी कधी उभी पाहिलीच नव्हती, नेहमी बसलेली. मला वाटलं मी झाडाखाली पडलो आहे आणि हे सगळं डोळे मिटून बघतो आहे.

"हार नाहीत आज," ती न वळता म्हणाली.

"हार नको."

"तेच म्हणते. वर्षभर नेले, तोंड उघडलं नाही. अन उघडलं तेव्हा आमच्या बाबांना विहीर आटते म्हणून सांगितलं."

मी सगळं सांगितलं. वेश, रुमाल, पातूर, लेणी. काही लपवलं नाही. ती खुडत राहिली. मग म्हणाली, "सूर्यभान मास्तर शिवरात्रीला येऊन गेले. एकटेच. ओट्यावर बसले, पाणी प्याले, अन बाबांच्या पुढ्यातच बोलले की त्यांचं मन अकोटच्या एका मुलीवर आहे, घरचे ऐकत नाहीत, तर नकार तुमच्याकडूनच पाठवा. बाबांनी पाठवला."

म्हणजे बाई, पातूरला कोणी नव्हतं. लेण्यांत कोणी बसलं नव्हतं. तिथं एक बिचारा मास्तर होता आणि त्यालाही ही लढाई नको होती. त्यानं मात्र समोर येऊन तसं सांगितलं.

ती वळली. डोळे रागावलेले नव्हते, दमलेले होते. "एक नकार शेंदूरजन्याहून आला, एक पातूरहून," म्हणाली. "मी अजून कोणाला दिलाच नाही. आता एक देऊन पाहावा म्हणते."

माझा राग मला ओळखीचा आहे, तो कानांतून वर चढतो. मी वाट पाहिली. तो आला नाही. मी म्हटलं, "द्या. पण निरोप पाठवू नका, आत्ता इथंच द्या. ऐकून घेतो आणि जातो."

कुठंतरी मोटेचं चाक कुरकुरलं, पाटाला पाणी आलं, माझे जोडे भिजले. मी हललो नाही. मग तिनं कमरेवरची टोपली काढली आणि माझ्यापुढं केली. "धरा," म्हणाली, "एका हातानं खुडणं सावकाश होतं."

मी टोपली धरून तिच्या मागं चालत राहिलो. एक वाफा झाला, दुसरा झाला. ती दोन्ही हातांनी खुडत होती आणि न बघता कळ्या मागं टाकत होती. काही टोपलीत पडत, काही माझ्या मनगटावर. मला त्या शांततेत एकदाही असं वाटलं नाही की काही बोलायचं राहिलं आहे.

खुशालराव बैल सोडून आले, बांधावर उभे राहिले. "काय ठरलं, बाई?"

"यांच्या आईची वाट पाहू, बाबा," ती म्हणाली आणि पुढच्या वाफ्याला लागली.

ते मला म्हणाले, "मागणी पोराकडून येत असते. मायले घेऊन ये. रागीट असली तरी आन."

आई गुरुवारी निघायचं म्हणते. तिनं तिळाचं तेल लावणं सोडलं, म्हणते गुडघा आपोआप बरा झाला. तू बाळापूरहून तोवर परत ये, तुझ्याच घरी उतरणार आहोत, आणि कुलूप असलं तर मी तोडीन, हे आधीच सांगून ठेवतो.

इथली फुलं गळून गेली, झाडांवर मिरीएवढी फळं धरली आहेत. दुपारी तिथंच जाऊन पडतो. डोळे मिटले की ती पुढं चालते, कळ्या मागं टाकत राहते, आणि टोपली काही केल्या भरत नाही.

तुझा,
गोवर्धन